हीर तळाला टेकला पाहिजे: हाताने लाकडी पाइप घडवताना

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या मेस्तांकडे, म्हणजे सुतारांकडे, मी तंबाखू ओढायचा माझा पहिला पाइप घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी तो बाहेरून बघितलासुद्धा नाही. अंगणात पडलेल्या झावळीचा एक हीर सोलून घेतला, नळीच्या तोंडातून आत सरकवला आणि तंबाखू भरायच्या वाटीत डोकावून म्हणाले, "पळय, हीर खंय पावता." म्हणजे, बघ, हीर कुठे पोचतो.

हिराचे टोक वाटीच्या तळापासून चांगले 5 मिलिमीटर वर, भिंतीतून बाहेर डोकावत होते. म्हणजे हवा तळाशी पोचणारच नव्हती. तळातली तंबाखू अर्धवट जळणार, ओली होणार आणि प्रत्येक झुरक्याला आत घुरघुर होणार. तीन आठवडे घासून मी बाहेरून जे काही केले होते, त्याचा त्या 5 मिलिमीटरवर काहीच उपयोग नव्हता.

तेव्हापासून मी नवशिक्याला एकच गोष्ट आधी सांगतो. पाइप म्हणजे हवेची वाट. ती वाट सरळ असेल आणि तळाला टेकत असेल, तर बाहेरचा आकार वेडावाकडा असला तरी पाइप चालतो. ती चुकली, तर बाहेर कितीही देखणे काम केले तरी ती फक्त शोभेची वस्तू राहते. म्हणून या लेखात भोकांविषयी जास्त वाचायला मिळेल आणि पॉलिशविषयी कमी.

तंबाखूविषयीही आधीच सांगून ठेवतो. पाइपाचा धूर छातीत न ओढता तोंडात घोळवून सोडतात, म्हणून तो निरुपद्रवी असतो असे अनेकांना वाटते. तसे नाही, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांनाही होतो. सार्वजनिक जागी धूम्रपान करायला आणि 18 वर्षांखालील कुणालाही तंबाखू विकायला 2003 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मी घडवलेल्या पाइपांपैकी दोन कधीच पेटवलेले नाहीत, काचेच्या कपाटात आहेत. लाकडाची गोडी लागण्यासाठी तंबाखूची सवय असावी लागत नाही.

भागांची नावे

तंबाखू जिथे भरतात ती वाटी. वाटीला जोडून असलेला लाकडाचा दांडा म्हणजे मान. तोंडात धरायची ती नळी, बहुधा एबोनाइटची (कडक रबराची) किंवा अ‍ॅक्रिलिकची. नळीच्या टोकाला बारीक खुंटी असते आणि ती मानेतल्या खोबणीत बसते. खोबणीच्या तळापासून वाटीच्या तळापर्यंत जाणारे बारीक भोक, त्याला मी धूरवाट म्हणतो.

लाकूड: आपल्या भाटातले (बागायतीतले) का नको

गोव्यात राहणाऱ्याच्या मनात पहिला विचार हाच येतो, की घराभोवती एवढी झाडे असताना लाकूड विकत का आणायचे? मीही तेच केले. एप्रिलमध्ये भाटातली काजूची एक फांदी तोडली आणि ओली असतानाच तासायला बसलो. दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटांवर फोड आले आणि ते बरे व्हायला पंधरा दिवस गेले. काजूच्या टरफलातले तेल त्वचा भाजते हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते, पण फांदीची साल आणि डीकही तितकाच त्रास देऊ शकतो हे मी विसरलो होतो. आंबा आणि बिब्बा काजूच्याच कुळातले. नुसत्या स्पर्शाने ही गत होत असेल, तर त्याच लाकडाची वाटी तापवून तोंडाशी धरण्याचा प्रश्नच येत नाही. कण्हेर तर सबंध झाडच विषारी आहे. साग आणि शिसवी यांच्या भुशाने अनेक सुतारांना अंगावर पुरळ आणि शिंकांचा त्रास होतो. रंग, व्हार्निश किंवा वाळवीचे औषध लागलेले जुन्या घराचे वासे, खिडक्या, पेट्या यांतले लाकूडही कधीच घेऊ नका, ते कितीही सुंदर दिसले तरी.

पाइपासाठी जगभर ज्याच्यावर भरवसा ठेवतात ते लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरउतारांवर एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या खोड आणि मुळांच्या मध्ये, जमिनीखाली, एक गाठ तयार होते. ब्रायर म्हणजे ती गाठ. ती खणून काढतात, कापतात, रस निघून जावा म्हणून कित्येक तास पाण्यात उकळतात आणि मग महिनोन् महिने, कधी काही वर्षे सुकवतात. घट्ट, दाट रेषांचे आणि आचेला टिकणारे असे हे लाकूड आहे. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचे पाइप बनत आले आहेत. काजू, अननस, मिरची यांच्यासारखीच तंबाखूही पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली, पण ब्रायर काही आपल्या मातीत रुजला नाही. तो मागवावाच लागतो.

भाटातल्या लाकडाचा उपयोग सरावासाठी करा, आणि त्यासाठी फणस मला सर्वांत आवडतो. वाळलेला फणस करवतीला आणि कानशीला सोपा जातो, आणि त्याच्या पिवळ्या अंगावर पेन्सिलीची रेघ स्वच्छ दिसते. एक-दोन पाइप फणसाचे करा, त्यात हीर घालून बघा, मग करवतीने मधोमध उभे कापा आणि आतले भोक कुठून कुठे गेले ते डोळ्यांनी पाहा. यातून जे कळते ते कुणीही सांगून कळत नाही. फक्त त्यात तंबाखू पेटवू नका.

पहिला ठोकळा भोके पाडलेलाच घ्या

ब्रायरचे दोन प्रकारचे ठोकळे ऑनलाइन मिळतात. एक कोरा. दुसऱ्यात वाटी, धूरवाट आणि खोबणी आधीच पाडलेली असतात आणि नळीही बसवून दिलेली असते. पहिल्या पाइपासाठी दुसरा घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. अनेकांना ही पळवाट वाटते. पण आकार देणे आणि भोके पाडणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दोन्ही एकाच ठोकळ्यावर शिकायला गेले की महागडे लाकूड वाया जाते. एकीकडे तयार ठोकळ्यावर हात बसवा, दुसरीकडे फणसावर भोके पाडत राहा.

हत्यारे फार लागत नाहीत. बारीक दातांची करवत, लाकडाची खरबरीत कानस, एक अर्धगोल आणि एक गोल कानस, गुण्या, टोचा, दोन क्लॅम्प आणि 80 पासून 600 नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर. कानशी मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाल्या. वाइस असेल तर उत्तम; तिच्या जबड्यांना चामड्याचे तुकडे चिकटवून घ्या, नाहीतर लाकडावर वण उठतात. आणि तोंडावर एन-95 मास्क हवाच. ब्रायरचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि एबोनाइटचा त्याहून वाईट.

आधी कागदावर, आतून बाहेर

ठोकळा कागदावर ठेवून त्याची कडा आखा. आता पाइपाचा आकार काढू नका. आधी आतली पोकळी काढा: वाटीचे भोक, धूरवाट, खोबणी. त्यांच्याभोवती लाकूड किती ठेवायचे ते आखा आणि मग बाहेरची रेघ ओढा.

साध्या सरळ पाइपाची मी वापरतो ती मापे देतो. ठोकळा सुमारे 78 मिलिमीटर लांब, 50 उंच, 40 रुंद. वाटीचे भोक 19 मिलिमीटर व्यासाचे आणि 40 खोल. वाटीची भिंत सगळीकडे 8 ते 9, कुठेही 6 च्या खाली नाही. वाटीच्या तळाखाली 10. मान 17 जाडीची. खोबणी 8 व्यासाची, 20 खोल. धूरवाट 4 मिलिमीटर. आपल्या सुतारांच्या भाषेत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगायचे तर वाटी सहा सूत, खोबणी अडीच सूत आणि धूरवाट सव्वा सूत. दुकानात बिट याच मापांनी मागितले तर पटकन मिळतात.

यातला एक आकडा नीट समजून घ्या. वाटीचा तळ ठोकळ्याच्या खालच्या कडेपासून 10 मिलिमीटर वर आहे. धूरवाट 4 जाडीची, म्हणजे तिचा मध्य तळाच्या 2 मिलिमीटर वर यायला हवा, तरच तिची खालची कड तळाला टेकेल. म्हणून मानेची मधली रेघ ठोकळ्याच्या खालच्या कडेपासून 12 मिलिमीटरवर आखायची. माझ्या पहिल्या पाइपात ती मी 17 वर आखली होती, कारण मान तिथे डोळ्याला बरी दिसत होती.

भोके

हे काम ठोकळा चौकोनी असतानाच करायचे. आकार दिल्यावर गोल लाकूड कुठेच सरळ धरता येत नाही आणि बिट मानेच्या कुशीतून बाहेर येतो. माझा दुसरा पाइप असाच गेला.

ठोकळ्याच्या कडा एकमेकींशी काटकोनात आहेत ना, ते आधी गुण्याने बघा. नसतील तर घासून करून घ्या. ड्रिल प्रेस असेल तर काम फार सोपे होते. घरी नसेल तर ओळखीच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये असतो. तासाभराचे काम आहे, विचारा. हातातल्या ड्रिलनेच करायचे असेल तर ठोकळा वाइसमध्ये उभा धरा, शेजारी गुण्या उभा ठेवा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा. आपल्याला समोरून बिट सरळ दिसतो, बाजूला कललेला मात्र दिसत नाही.

पहिले भोक खोबणीचे. मानेच्या टोकाकडच्या बाजूवर, खालून 12 आणि रुंदीच्या बरोबर मध्यावर टोच्याने खूण करा. 8 चा बिट 20 मिलिमीटर आत. खोली कळावी म्हणून बिटाला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळा.

ठोकळा जराही न हलवता आता 4 चा लांब बिट लावा. आधीच्या बिटाच्या टोकाने तळाला मधोमध खळगा पडलेला असतो, त्यातच नवा बिट आपोआप बसतो. ठोकळा हलवायचा नाही तो यासाठीच. साधा 4 चा बिट आखूड पडतो, 100 मिलिमीटरच्या आसपास लांबीचा हवा. वाटीच्या मध्यापर्यंत म्हणजे टोकापासून 58 मिलिमीटर जायचे आणि तिथे थांबायचे. दर 5 मिलिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झटका. भुसा आत दाटला की बारीक बिट रेषेच्या दिशेने वाकतो, आणि लाकूड करपल्याचा वास येतो. तो वास आला की हात थांबवा.

तिसरे भोक वाटीचे. ठोकळा उभा करा. पुढच्या कडेपासून 20 मिलिमीटरवर मध्य. वाटीचा तळ गोलसर हवा, आणि बाजारातला पाऊण इंची चपटा बिट तळ सपाट कापतो. शिवाय त्याचे मधले लांब टोक तळात खड्डा पाडते. ग्राइंडरवर त्याचे टोक आखूड आणि दोन्ही कोपरे गोल करून घेता येतात, धार मात्र जपावी लागते. हे जमत नसेल तर टोक तेवढे आखूड करून घ्या, वाटी 4-5 मिलिमीटर उथळ पाडा आणि उरलेला तळ गोल टोकाच्या काठीला पॉलिश पेपर गुंडाळून हळूहळू उतरवा. शेवटच्या मिलिमीटरांत दर वेळी थांबून बॅटरीच्या उजेडात बघा. धूरवाटेचे तोंड आधी वाटीच्या भिंतीत दिसू लागेल आणि तुम्ही खाली जाल तसतसे तळाला येईल. तळ त्या तोंडाच्या खालच्या कडेला भिडला की पुरे. आणखी खाली गेलात तर हिराचे टोक परत हवेत राहील.

आता हीर घाला. नळीकडून आत, वाटीत बघत. हीर तळावर सरपटत आला की काम झाले. माझा तिसरा पाइप मेस्तांनी असाच तपासला, हीर काढून ठेवला आणि मग पहिल्यांदा तो हातात फिरवून बघत विचारले, "ह्या ठोकळ्याला मान एवढी जाड कशाला ठेवलीस?"

नळी

तयार नळीची खुंटी बहुधा थोडी जाड असते. पॉलिश पेपरची पट्टी तिच्याभोवती गुंडाळा, नळी फिरवत सगळीकडून सारखी उतरवा आणि दर चार-पाच फेऱ्यांनी बसवून बघा. जोर लावून ढकललीत तर मान फुटते, मी फुटलेली बघितली आहे. खुंटी खोबणीच्या तळापासून अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबली पाहिजे. जास्त मोकळी जागा राहिली तर तिथे ओलावा साचतो आणि घुरघुर सुरू होते. अजिबात राहिली नाही तर नळीचा खांदा मानेला चिकटून बसत नाही. सांध्यावर उजेड धरून बघा, फट दिसता कामा नये.

आपल्या हवेत यात एक अडचण आहे. मार्चमध्ये सुंदर बसलेली नळी जुलैत तशी बसत नाही, कारण लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. म्हणून ठोकळा आल्या आल्या काम सुरू करू नका. महिनाभर घरातच, वारा लागेल अशा जागी ठेवा. आणि नळीचे शेवटचे बसवणे भर पावसात न करता ऑक्टोबरनंतर करा. मी आता तेच करतो.

आकार

इथून पुढे काम आनंदाचे आहे. कागदावरचा आकार ठोकळ्यावर उतरवा, कोपऱ्यांतले जास्तीचे लाकूड करवतीने काढा आणि मग खरबरीत कानशीने रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरपर्यंत या. नळी बसवलेलीच ठेवा. मान आणि नळी एकत्र घासली तरच सांधा बोटाला जाणवत नाही. नळीच्या बाकीच्या भागावर कागदी चिकटपट्टी लावून तो वाचवा.

वाटी आणि मान जिथे भेटतात तो कोपरा सगळ्यात वेळखाऊ. गोल कानशीने तिथे शांतपणे काम करा. दर थोड्या वेळाने वाटीच्या भिंतीची जाडी मोजा, बोटांच्या अंदाजावर विसंबू नका.

घासता घासता अचानक एखादे बारीक भोक किंवा वाळूचा कण उघडा पडेल. ब्रायर जमिनीतली गाठ आहे, त्यात असे दोष असतातच, आणि त्यात तुमची चूक नाही. छोटा असेल तर तसाच ठेवा. मोठा असेल तर तेवढ्या भागावर बारीक पटाशीने खाचा पाडून सालीसारखा पोत द्या. जुने कारागीरही हेच करतात. खोल जाऊन भिंत पातळ करत असेल तर मात्र तो ठोकळा सोडा.

मग पॉलिश पेपर: 80, 120, 220, 320, 400, 600. एकही पायरी गाळू नका. 220 नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्या. तंतू उभे राहतील आणि आधीच्या कागदाचे ओरखडेही दिसतील. ते जाईपर्यंत पुढचा नंबर घेऊ नका.

लाख नको, खोबरेल नको

कुंकळ्ळीच्या चितारींनी खेळण्यांवर आणि पाळण्यांवर चढवलेली लाख बघून माझ्याही मनात आले होते की पाइपावर तीच चढवावी. पण लाख लेथवर फिरणाऱ्या लाकडाच्या घर्षणाच्या उष्णतेने वितळूनच लागते. तिचा जाड थर तापणाऱ्या वाटीवर मऊ होणार, फुगणार. पॉलियुरेथेन आणि व्हार्निशही नको. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचे तेल तर अजिबात नको, आणि खोबरेलही नको, ते लाकडावर वाळत नाही, चिकट राहते आणि पावसात त्यावर बुरशी धरते. कार्नोबा मेण किंवा ते आणि मधमाशीचे मेण एकत्र असलेले पेस्ट सुती फडक्याने चोळा. वापराने चमक कमी झाली की परत चोळता येते. रंग द्यायचा असेल तर स्पिरिटमध्ये विरघळणारा, आणि फक्त बाहेरून. वाटीच्या आत काहीही लावू नका.

पहिली भरणी आणि पावसाळा

वापरायचाच असेल तर पहिले काही दिवस वाटी एक तृतीयांशच भरा, मग अर्धी, मग पूर्ण. सावकाश ओढा. आत कार्बनचा पातळ थर धरतो आणि तोच लाकडाला आचेपासून वाचवतो. तो थर एक-दीड मिलिमीटरपेक्षा जाड झाला तर घासून कमी करा, कारण तो तापून फुगतो आणि वाटीला तडा जाऊ शकतो. पाइप गरम असताना नळी कधीही काढू नका, खुंटी आतच मोडते. थंड झाल्यावर पाइप क्लीनर फिरवा आणि निदान एक दिवस पाइपाला विश्रांती द्या.

जून ते सप्टेंबर ही विश्रांती दोन-तीन दिवसांची करा. कपाटाच्या बंद खणात ठेवलेल्या पाइपाच्या वाटीत आठवड्याभरात पांढरी बुरशी दिसू शकते. उघड्यावर, उभा, वाटीचे तोंड वर करून ठेवा आणि नळी वेगळी काढून धूरवाटेला वारा लागू द्या. एबोनाइटची नळी मात्र उन्हात ठेवू नका, ती हिरवट-तपकिरी पडते आणि तिला गंधकाचा वास येऊ लागतो. तशी झालीच तर 600 नंबरचा कागद पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, खुंटी सोडून. खुंटी घासलीत तर ती ढिली होईल.